सातव्या दाराची राखणदार

त्या सोमवारी मी बेल आणायला गेले होते, एवढंच. जळगाव जामोदला आमच्या गल्लीच्या टोकाशी महादेवाचं लहानसं देऊळ आहे, त्याच्या मागे बेलाचं झाड. सोळा सोमवारांतला माझा नववा होता. कहाणी अक्षता हातात धरून वाचायची, आणि ऐकणारं कोणीतरी लागतं. एरवी सासूबाई ऐकतात, पण त्या बीबी गावाला माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या. घरात फक्त योगिनी, माझी नऊ वर्षांची लेक. ती सहा दिवसांपासून तापाने फणफणलेली. रक्ताचे रिपोर्ट चांगले, औषध चालू, पण ताप काही हटत नव्हता.

दिवेलागणीला समई लावली. पुढचं दार उघडलं, मागचं लावलं. लक्ष्मी मागच्या दाराने जाऊ नये म्हणतात ना. अक्षता घेतल्या आणि तिच्या उशाशी बसले.

"बाळा, कहाणी ऐकतेस ना?"

"पयले माही वाच. मंग तुही ऐकीन."

तिच्या छातीवर एक कॉमिक होतं. अविनाशनी, म्हणजे तिच्या बाबांनी, खामगावहून आणलेलं. गल्लीतली पोरं ज्या कार्डांची अदलाबदल करत हिंडतात, त्याच खेळावर काढलेलं. आत एक कार्ड फुकट मिळालं होतं, त्यावर एक म्हातारी.

"देवाच्या आधी कॉमिक? मोठी शहाणी!"

"देवाले घाई नाही हाय. मले हाय."

सहा दिवसांनी पोर असं बोलली. मला हसू आलं. अक्षता मुठीतच राहिल्या आणि मी कहाणीच्याच चालीत वाचायला लागले.

एक किल्ला असतो, त्याला सात दारं. सातव्या दारापाशी एक म्हातारी राखणदार. संध्याकाळी थकलेली, आजारी लेकरं येतात आणि पलीकडे जाऊ दे म्हणतात. ती त्यांना मागे फिरवते. दार कोणत्याही बाजूने, कोणासाठीही उघडलं, की ते सगळ्यांसाठी उघडतं. म्हणून ते उघडायचंच नाही. पण म्हातारी आता फार थकलेली... शेवटच्या चित्रात तिची मान खाली गेलेली आणि दाराला बोटभर फट. खाली लिहिलेलं, पुढचं पुढच्या अंकात.

मी वाचायची थांबले. पंखाही थांबला, लाइट गेली होती. समईची वात हलत नव्हती. खोलीत औषधाचा गोडसर वास, आणि त्याच्या खाली दुसरा, ओल्या मातीचा. मार्च महिना, पाण्याचा थेंब नाही. मग स्वयंपाकघराकडून लाकूड कुरकुरल्यासारखं झालं... अगदी सावकाश.

"आई... दार उघडं राह्यलं."

"कोणतं गं?"

"थे." ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे पाहत होती. "मी जाऊ?"

कपाळ तव्यासारखं, आणि पाय थंडगार.

"कुठी जाऊ नको. थे बाई आहे ना तिथं, राखण करायले..."

"झोपली थे. तिचं कार्ड उचला लागते... मंग तिथं दुसरं ठेवा लागते. जागा रिकामी नाही ठेवता येत."

"मंग ठेव ना दुसरं!"

"माह्याजवळ... नाही हाय, आई..."

तिच्या दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. मी मोजत होते. मग मी मोजणं सोडलं.

"मी बसते तिथं," मी म्हटलं. "तू मागं फिर."

आणि मुठीतल्या अक्षता त्या म्हातारीच्या कार्डावर सोडल्या. संकल्पाला सोडतात तशा.

मागच्या दाराची कडी आपटली. एकदाच.

योगिनीच्या कपाळावर घाम फुटला. घटकाभराने तिने खिचडी मागितली. अविनाश संग्रामपूरहून कामावरून आले, त्यांनी तिच्या गालाला हात लावला.

"अरे, उतरला की! कोणाले नवस बोलली वं?"

"बोलले एकाले," मी म्हटलं.

अक्षता हातात असताना बोललेलं नुसतं बोलणं राहत नाही, ते मला माहीत होतं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी मागच्या दाराला पाठ लावून बसते. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी समोरच्या रिकाम्या खोलीतून लहान पावलं वाजली. तापलेल्या श्वासाची ऊब माझ्या तोंडावर आली.

"मावशी... जाऊ द्या ना मले."

मी घाबरले. पण आवाज लेकराचा होता.

"परत जाय बाळा. तुही माय वाट पाहून राह्यली."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जनकाबाई भिंतीवरून ओरडल्या, "सारिका, आमच्या पायलचा ताप काल सांजेले उतरला वं! डॉक्टरच तोंडाकडे पाहून राह्यला!"

मी देवापुढे साखर ठेवली. खरं सांगते, मला आनंद झाला होता. असं व्रत कोणाच्या वाट्याला येतं? आतापर्यंत चार लेकरं मी मागे धाडली.

परवा मात्र टकटक माझ्या पाठीमागून झाली. दाराच्या पलीकडून. फार खालून, मूठ नीट वळता न येणाऱ्या हाताची.

योगिनी माझ्या समोर गृहपाठ करत होती. तिने मान वर केली नाही.

योगिनीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. अकरा दिवसांचा होऊन गेला. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाळण्याला फुलं बांधून झाली होती.

"आई..." पलीकडून आलं. "माहं नाव काय ठेवलं?"

मी दोन्ही हातांनी कडी धरून बसले, समई विझेपर्यंत. कालही त्याने तेच विचारलं. चिडला नाही, रडला नाही. उत्तर मिळेपर्यंत थांबायची सवय असल्यासारखा थांबला.

दार उघडायचं नाही, हे मला ठाऊक आहे. दाराच्या अलीकडे योगिनी आहे. पण दोन दिवसांपासून भाकरी थापताना, देवपूजा करताना माझ्या मनात नावंच येताहेत. आज सकाळी एक सापडलंसुद्धा, फार गोड आहे.

तुम्ही माझ्याहून जास्त वाचलेले. तुम्हीच सांगा... नुसतं नाव सांगितलं, तर ते दार उघडल्यासारखं होतं का हो?