बघितलं की विझणारा ठिपका

आकाशात एक ठिपका असा होता, की ईश्वरीनं त्याच्याकडे बघितलं की तो विझायचा.

ढग आला असेल, असं तुम्ही म्हणाल. ढगबिग काही नव्हता. मार्गशीर्षातलं कोरडं आकाश, त्यात अमावास्या, आणि हिवरतळ गावात नुकतीच अंधारवेळ सुरू झालेली. ही गोष्ट आणखी वीस-बावीस वर्षांनंतरची आहे, म्हणून अंधारवेळ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. दर अमावास्येला संध्याकाळी सात वाजता ग्रामपंचायतीचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातला झाडून सगळा उजेड बंद होतो. रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या, देवळाच्या कळसावरची माळसुद्धा. दिव्यांनी आकाश इतकं पांढुरकं करून टाकलं होतं, की पोरांना तारे पुस्तकातच बघावे लागत. शेवटी गावानंच बसून हा नियम केला.

त्या संध्याकाळी सहावीची चाळीस मुलं गावाबाहेरच्या माळावर सतरंज्यांवर उताणी पडली होती. प्रत्येकाकडे एक पत्रक होतं. जे दिसेल त्याच्यापुढे खूण करायची.

"आता देवयानी दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह)," टिपूर म्हणाला. टिपूर हा माळावरच्या आकाशकेंद्राचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). पाण्याच्या पिंपाएवढा, चाकांवर फिरणारा आणि भलताच सभ्य. "उत्तरेला शर्मिष्ठेचे पाच तारे आहेत. तिथून सावकाश वर या. एक धुरकट ठिपका दिसेल."

"दिसला! मला पण दिसला!" चहूकडून ओरडा झाला.

ईश्वरीलाही दिसला. तिनं नीट बघायला नजर त्याच्यावर नेली आणि ठिपका गेला. नजर जरा हलली, ठिपका परत आला. पुन्हा रोखून बघितलं, पुन्हा गेला. मागच्या अमावास्येलाही असंच झालं होतं. त्यानंतर महिनाभर ती घरात अंधार करून स्वतःची परीक्षा घेत होती. फ्रिजच्या मागचा अगदी मंद दिवा, आजीच्या जपमाळेचा अंधारात चमकणारा मणी. जिकडे बघावं ते विझत होतं. तिनं घरात कुणापुढे ब्र काढला नव्हता, कारण याचा अर्थ काय हे तिला माहीत होतं. निदान माहीत आहे असं तिला वाटत होतं.

तो अर्थ तिच्या शेजारीच खुर्चीवर बसला होता. निवासमामा. मामा पूर्वी गावचा वायरमन होता. सव्विसाव्या वर्षी त्याला रात्रीचे तारे दिसेनासे झाले. मग एका संध्याकाळी वाटेतला खड्डा दिसला नाही आणि पाय मोडला. पुढच्या दहा वर्षांत सगळंच गेलं. आता तो केंद्रातल्या दुर्बिणी नुसत्या बोटांनी उघडून साफ करायचा आणि टिपूरचे बिघाड आवाजावरून ओळखायचा. अंधारवेळ संपली की त्याला माळाच्या बासष्ट पायऱ्या उतरवून घरी नेणं हे ईश्वरीचं काम होतं. तिचे डोळे म्हणजे मामाचेही डोळे, असं आई म्हणायची. आणि हा आजार कधी कधी घराण्यात चालतो, असंही आई म्हणायची, पण ते ईश्वरी झोपली आहे असं समजून.

उद्या शाळेत डोळे तपासणारी गाडी येणार होती. आपलं पोट दुखतंय असं सांगायचं, हे ईश्वरीनं ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं नाही, तर ते खरं होणार नाही असं तिला वाटत होतं. तुम्ही हसाल, पण भीती वाटली की मोठी माणसंही असंच करतात.

"ईश्वरी, तुझी खूण राहिली," टिपूर जवळ येऊन म्हणाला. "ठिपका दिसत नाही का?"

"दिसला की," ती म्हणाली आणि पत्रकावर खूण केली.

मामानं अंधारात हात पुढे करून तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

"काय झालं गं?"

"कुठं काय."

"माझ्याशी खोटं बोलतीस व्हय? आवाज कापतोय तुझा."

मग ईश्वरीला राहवलं नाही. "मामा, मी बघितलं की तो ठिपका जातोय. घरात पण तसंच होतंय. मला तुझ्यासारखं झालंय," एवढं बोलून ती रडायलाच लागली.

ईश्वरीला वाटलं, आता हा म्हणणार, होय पोरी, तसंच झालंय.

"नीट सांग," मामा म्हणाला. त्याचाही आवाज बदलला होता. "सरळ बघितलं की जातोय, का कडंला असला की जातोय?"

"सरळ बघितलं की."

"आणि कडंला?"

"कडेला असला की दिसतो."

"परत सांग."

"कडेला दिसतो, मामा."

मामानं मोठा श्वास सोडला. "अगं खुळे, माझं बरोबर उलटं झालं होतं! माझ्या कडा आधी गेल्या. नळीतनं बघितल्यागत मधलं तेवढं उरलं होतं. टिपूर, हिला सांग बाबा नीट. माझ्यानं आत्ता बोलवत नाही."

"सांगतो," टिपूर म्हणाला. "ईश्वरी, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल (ज्यावर चित्र उमटतं तो पातळ पडदा) असतं. त्यावर दोन प्रकारच्या पेशी काम करतात. एक शंकू पेशी. त्या रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दुसऱ्या दंड पेशी. त्यांना रंग कळत नाही, मात्र अगदी अंधुक उजेडही त्या पकडतात. आपण एखाद्या वस्तूकडे रोखून बघतो, तेव्हा तिचं चित्र पडद्याच्या मधोमध पडतं. आणि बरोबर मधोमध फक्त शंकू पेशी आहेत."

ईश्वरीनं नाक पुसलं. "म्हणजे ठिपक्याकडे सरळ बघितलं, की त्याचा उजेड शंकू पेशींवर पडतो. आणि तेवढा उजेड त्यांना पुरत नाही?"

"बरोबर. नजर थोडी बाजूला नेली, की तोच उजेड दंड पेशींवर पडतो आणि ठिपका दिसतो. निवासरावांच्या आजारात या दंड पेशीच आधी मरतात. तुझ्या काम करताहेत, म्हणून तर तुला कडेला दिसतंय."

"पण बाकी सगळ्यांना दिसला ना! मग मलाच का?"

"हे मला अनुभवानं सांगता येणार नाही," टिपूर जरा खट्टू होऊन म्हणाला. "माझ्या डोळ्यात सगळीकडे एकच प्रकार आहे."

"थांब, विचारू या की," मामा म्हणाला आणि त्यानं ध्वनिक्षेपक हातात घेतला. "पोरांनो, खरं सांगायचं हां. देवयानीकडं सरळ बघितलं की कुणाकुणाचा ठिपका गायब होतोय? हात वर करू नका, मला दिसायचं नाही. ज्याचा होतोय त्यानं टाळी वाजवा."

माळावर एकदम शांत झालं. ईश्वरी कान देऊन ऐकू लागली. कुणीच वाजवली नाही तर?

डावीकडे एक टाळी वाजली. मग मागे दोन. मग इकडून, तिकडून, पार कुंपणापासून, आणि बघता बघता सगळा माळ टाळ्यांनी भरून गेला. "माझा पण जातोय! मला वाटलं मलाच!" पोरं ओरडत होती. चाळीसजण शेजारीशेजारी पडून एकच गोष्ट लपवत होते. ईश्वरीही टाळ्या वाजवत होती, आणि रडतही होती, पण आता तिला त्याची लाज वाटत नव्हती.

"तरी उद्या डोळे तपासायचेच," टिपूर म्हणाला. "मी यंत्र आहे, डॉक्टर नाही."

दुसऱ्या दिवशी रांगेत ईश्वरी पहिली उभी होती. भीती पुरती गेली नव्हती, पण एका हातानं तिनं मामाला धरलं होतं. गाडीतल्या अंधाऱ्या खोलीत कडेकडेला मंद ठिपके उमटले आणि प्रत्येक ठिपक्याला तिनं बटण दाबलं.

"एकही सुटला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डोळे छान आहेत. घरात हा आजार आहे, म्हणून दर वर्षी दाखवत जा."

ईश्वरीनं धीर करून विचारलं, "बाई, मामाच्या दंड पेशी परत येतील?"

"प्रयोगशाळेत आम्ही त्या वाढवायला लागलोय. थोड्या रुजल्यात. माणसाच्या डोळ्यात लावायला अजून काही वर्षं लागतील. नक्की काही सांगत नाही हं."

"थोड्या रुजल्या, तर मला थोडंच दिसायचं," मामा हळूच म्हणाला. "धुरकट."

"मग सरळ नको बघूस, मामा," ईश्वरी म्हणाली. "जरा बाजूला बघ."