नारिंगी बोगदा आणि नितळ ओहोळ

यंत्रावरचा आकडा एकदम चौपट झाला, तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं ते यंत्र. सकाळपासून ते मुकाट होतं. तिने आधी आनंदाने किंकाळी फोडली. मग खिशातून फोन काढून आपल्या सरांना कळवलं, "सर, सापडलं! प्रदूषण इथेच मिसळतंय!" आणि त्यानंतर, म्हणजे जरा उशिराच, शास्त्रीय पद्धतीने विचार करत ती दगडांवरून उड्या मारत वरच्या अंगाला निघाली.

वळणापलीकडे एक तरुण शांतपणे नदीत बादली ओतत होता.

"काय ओतताय हे?"

"मीठ."

"मीठ...? नदीत?"

"पाच किलो. विरघळवून." त्याने बादली विसळली. "ते खाली किती वेळात आणि किती पातळ होऊन पोचतं, त्यावरून प्रवाह मोजतो आम्ही. जलखातं. आपण?"

"मी आत्ताच तुमचं मीठ शोधून काढलं," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि सरांना कळवलंसुद्धा."

त्याने हसू दाबायचा प्रयत्न केला. प्रयत्न फारसा प्रामाणिक नव्हता.

त्या डोंगरातल्या खाणी बंद पडून चाळीस वर्षं झाली होती. मालक गेले, कामगार गेले, पाणी मात्र इमानेइतबारे कामावर येत राहिलं. ओस बोगद्यांत शिरायचं, खडकातलं जस्त नि ॲल्युमिनियम उचलायचं आणि खाली नदीत नेऊन टाकायचं. नदीत मासा म्हणून उरला नव्हता. आता सरकार शुद्धीकरणाचं तळं बांधणार होतं, पण एकच. ते कुठे बांधायचं, हे समिती महिन्याभरात ठरवणार होती. जागा चुकली तर नदी आणखी चाळीस वर्षं मेलेलीच राहणार. तिचा तीन वर्षांचा अभ्यास या एका प्रश्नावर येऊन टेकला होता.

समितीचे अध्यक्ष म्हणजे जलखात्याचे मोठे साहेब. त्यांचं मत आधीच तयार होतं – मोठा बोगदा. त्यातून गंजासारखं नारिंगी पाणी येई, आणि ते फोटोत फार सुंदर वाईट दिसे.

त्याच्या मिठाने तिचे नमुने बिघडू नयेत, म्हणून दोघांनी वेळापत्रक आखलं. ती त्याला 'मीठवाले' म्हणू लागली, तो तिला 'बाटलीबाई'.

"बाटलीबाई, उद्या कुठल्या पुलाला?"

"जिथे तुमचं मीठ नसेल तिथे."

"मग आपली भेट कशी व्हायची?"

"व्हायला हवी, असं कुठे लिहिलंय?"

"वेळापत्रकात." त्याने कागद पुढे केला. आठवडाभर रोज अकरा वाजता, एकाच पुलावर, एकच शब्द – 'चहा'.

तिने कागद परत केला... आणि पेन्सिलीने अकराचे साडेदहा केले.

अशाच एका चहाला तो म्हणाला, "माझं एक गणित जुळत नाही हो. दोन पुलांच्या मध्ये नदी वाढते. नकाशात तर तिथे साधा ओहोळही नाही."

तिचा कप ओठांशीच थांबला. "तिथेच माझं जस्त दुप्पट होतं..."

दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत खोल पाहिलं. प्रेमकथांमध्ये अशा नजरेला वेगळा अर्थ असतो. इथे दोघंही मनात प्रवाह आणि जस्ताचा गुणाकार करत होते.

काठाकाठाने शोधत गेल्यावर, झुडपांआड ढासळलेल्या एका जुन्या बोगद्यातून येणारा ओहोळ सापडला. पाणी काचेसारखं नितळ. "वा!" म्हणत त्याने ओंजळ भरली. तिने झटकन त्याचं मनगट धरलं.

"पिऊ नका! दगड बघा – शेवाळ नाही, एक किडा नाही. हे इतकं आम्लयुक्त आहे की धातू विरघळून दिसेनासे होतात. म्हणून नितळ!"

"हं."

"हं काय?"

"हात सोडलात तरी चालेल. नाही सोडलात... तरीही."

तिने सोडला. पण लगेच नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब पाहणीला आले, त्याच ओहोळावर तोंड धुऊन "काय अमृत आहे!" म्हणाले, आणि नारिंगी बोगद्यापुढे फोटो काढून गेले.

बैठकीच्या दिवशी खोली गच्च भरली होती. "बाई," साहेब म्हणाले, "मागेही तुम्हाला काहीतरी सापडलं होतं म्हणे... मीठ?"

हशा पिकला. तिचे कान तापले. तिने काचेच्या ग्लासात ओहोळाचं पाणी ओतलं आणि त्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकला. नितळ पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं, त्यात कापसाचे पुंजके तरंगू लागले.

"हे ॲल्युमिनियम. जस्तही याच पाण्यातून येतं. नारिंगी बोगदा बदनाम आहे, पण नदीतलं दोन तृतीयांश जस्त या ओहोळाचं आहे."

साहेब नकळत गालावरून हात फिरवू लागले. "आणि प्रवाहाचे आकडे कोणाचे?"

"माझे, साहेब." तो उभा राहिला. "सात वेळा मोजलेत."

"तुम्ही आपल्या खात्याचे, आणि यांची बाजू घेताय? काही नातंबितं आहे की काय?"

तिचा सोड्याचा चमचा हवेतच राहिला.

"अजून नाही, साहेब... विचारायचं आहे. महिनाभर थांबलोय. आधी विचारलं असतं, तर आकड्यांवर संशय आला असता."

साहेबांनी आकडे पुन्हा वाचले, ग्लास उजेडात धरला, शेजारच्या रसायनतज्ज्ञ बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. मग एकेक हात वर गेला, आणि सगळ्यात शेवटी, जरा जड झालेला, साहेबांचा.

"तळं नितळ ओहोळावर. मंजूर." त्यांनी चष्मा काढला. "आणि तुम्ही... विचारा आता एकदाचं. समितीला इतर कामं आहेत."

तो तिच्याकडे वळला. "मी... म्हणजे आपण... पुढेही –"

"हो."

"अहो, वाक्य तरी पुरं होऊ द्या!"

"महिनाभर वाट पाहिली त्या वाक्याची. आता मी नाही थांबत. हो!"

टाळ्यांच्या कडकडाटात कारकुनाने लेखणी वर केली. "साहेब, हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या," तीच म्हणाली, आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. "विषय क्रमांक दोन. एकमताने मंजूर."