शंभरपैकी एक्क्याण्णव

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. "सर, खरंच पोट दुखत होतं" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा प्रार्थनासुद्धा ऐकलेली नाही. तरीही सांगतो. ही गोष्ट खरी आहे.

आणि ती रात्री घडलेली नाही.

गुरुवार, १६ जानेवारी २०२५. दुपारचे अडीच. पणजी.

रात्रभर आम्ही मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर होतो. पहाटे आलो आणि दिवसा झोपलो. त्यामुळे जे काही आलं, त्याला आमच्या वेळेत यावं लागलं.

आम्ही म्हणजे चौघं. डोंबिवलीच्या एकाच शाळेतले निवृत्त मास्तर. प्रभाकर गणिताचा, गोपीनाथ पी.टी.चा, उत्तम भूगोलाचा आणि मी, आनंद. आमची वर्षातून एक ट्रिप ठरलेली. त्या ट्रिपची एक पद्धतही ठरलेली. गावात पोचल्यावर दोन वेगळी हॉटेलं घ्यायची. दोघं एकात, दोघं दुसऱ्यात. दुसऱ्या दिवशी किल्ल्या बदलायच्या. प्रत्येकाने दोन्ही खोल्यांना लाल पेनने गुण द्यायचे. गरम पाण्याला वीस, नाश्त्याला वीस, शांततेला दहा, उशीला दहा, असे शंभर. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी प्रभाकरच्या कोलशेतच्या फ्लॅटवर बसायचं आणि तुलना करायची.

बायका याला वेडेपणा म्हणतात. आम्ही मूल्यमापन म्हणतो.

नियम एकच. खोटे गुण द्यायचे नाहीत.

हा नियम प्रभाकरचा. त्याने आयुष्यात कुणाला फुकट गुण दिला नाही. माझ्या नीलला आठवीत त्याने चौतीस दिले होते. पास व्हायला पस्तीस लागायचे. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. चित्रा, म्हणजे माझी बायको, मला म्हणाली की तुमचे मित्र ना ते, एक शब्द टाका. मी टाकला नाही. मी नीलला जवळ बसवलं आणि सांगितलं, "प्रभाकरकाका खोटा गुण देत नाहीत. म्हणून त्यांनी दिलेला प्रत्येक गुण खरा असतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला आता ते फार महाग पडलंय.

पहिल्या दिवशी मी आणि उत्तम बाजाराजवळच्या हॉटेलात होतो. गीझरमधून गरम हवा यायची, पाणी थंडच. मी अठ्ठावन्न दिले. प्रभाकर आणि गोपीनाथ नदीजवळच्या हॉटेलात. बुधवारी संध्याकाळी फुटपाथवर भेटून आम्ही किल्ल्या बदलल्या. प्रभाकरने आपली गुणपत्रिका माझ्या हातात ठेवली.

शंभरपैकी एक्क्याण्णव.

मी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

एरवी गोपीनाथ खोलीतल्या पंख्याच्या आवाजापासून चादरीच्या डागापर्यंत सगळं सांगतो. त्या दिवशी तो बुटाची लेस बांधत होता. बूट बिनलेसचे होते.

"एवढी चांगली आहे?" मी विचारलं.

"राहून बघ," प्रभाकर म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला. सव्वीस वर्षांपूर्वी चौतीसवर ठेवला होता, तसाच.

खोली खरंच छान होती. जाड पडदे. एकदा ओढले की भर दुपारी अंधार. पहाटे बोटीवरून आलो, उत्तमने कानातलं यंत्र काढून चष्म्याच्या डबीत ठेवलं. यंत्र काढलं की उत्तमला दिवाळीसुद्धा ऐकू येत नाही. तो पाच मिनिटांत झोपला. मीही.

जाग आली ती आवाजाने.

झिपचा आवाज.

कुणीतरी बॅगेची चेन हळूहळू उघडत होतं... मग थांबायचं... मग हळूहळू लावायचं.

पुन्हा उघडायचं.

संध्याकाळची गाडी होती. मला वाटलं, उत्तमला प्रवासाची घाई झाली. हा माणूस सहलीला मुलांना एक तास आधी स्टेशनवर उभं करायचा. मी डोळे मिटूनच पडून राहिलो.

मग खुर्ची सरकली.

मग अगदी जवळून, उशाशी, कुणीतरी विचारलं...

"निघायचं का?"

आवाज हळू होता. मायेचा म्हणावा असा. फार वेळ वाट बघून, पण न चिडता विचारावं, तसा.

"हो, चल," मी म्हणालो.

चेन एका दमात लागली. सर्रकन.

आणि शेजारच्या पलंगावर उत्तम घोरला.

मी डोळे उघडले नाहीत. किती वेळ, ते सांगता येणार नाही. उत्तम घोरत होता. पलीकडे काहीच आवाज नव्हता. श्वासाचाही नाही.

शेवटी हात लांब करून दिवा लावला.

आमच्या दोन्ही बॅगा भिंतीशी, बंद. टेबलावर चहाचे तीन कप. दोन आमचे, पहाटेचे, वाळलेले. तिसऱ्यात चहाची पुडी लोंबत होती.

ओली.

आणि दाराशी हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. एकच जोड. बोटं दाराकडे करून, नीट जुळवून ठेवलेल्या. आमच्या दोघांच्या सपाता पलंगाखाली होत्या.

मी उत्तमला उठवलं. त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? त्याने नंतर त्या खोलीला अठ्ठ्याऐंशी दिले. शांतता, दहापैकी दहा.

संध्याकाळी मडगावला जायला टॅक्सी केली. चौघंही बसलो. ड्रायव्हर मागचं दार धरून उभा राहिला... थोडा जास्तच वेळ. मग रस्त्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि दार लावलं.

प्रभाकरने ते पाहिलं. आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू झालं.

दुपारचे अडीच. मी पेपर वाचत होतो. आतून चित्रा म्हणाली, "अहो, आता कुठे निघालात? बॅग कशाला काढताय?"

मी बॅग काढली नव्हती. ती कपाटावर होती.

मग रोज. अडीच वाजले की चेन... हळूहळू... उघडायची आणि लागायची. चहा करताना चित्राच्या हातून तीन कप ओतले जायचे. एकदा जेवताना तिने तिसरं ताट मांडलं, मग ते उचलून घेत म्हणाली की मला वाटलं कुणी आलंय. दुसऱ्यांदा तिने ताट तसंच राहू दिलं. फक्त माझ्याकडे बघितलं.

मी तिला तेव्हा सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग साड्या पिशवीत भरल्या. बॅगेला हात लावला नाही.

"मी नीलकडे कल्याणला जातेय," ती म्हणाली. "तुम्ही ज्याला घेऊन आलात, त्याला पोचवून या. मग मला न्यायला या."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात चित्रा कधी घर सोडून गेली नव्हती. माझ्या स्वयंपाकानेही नाही.

मी एकटा उरलो. म्हणजे, एकटा नाही. तीच तर अडचण होती.

तुलनेचा दिवस आला. मी डोंबिवलीहून रिक्षाने निघालो. मानपाड्याच्या सिग्नलला रिक्षावाल्याने आरशात बघत विचारलं, "काका, दोघांना एकाच ठिकाणी सोडायचं ना?"

मी हो म्हणालो. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

कोलशेतला प्रभाकरच्या हॉलमधून खाडी दिसते. चौघं बसलो. बटाटेवडे आले. उत्तमने गुणांची सरासरी मोठ्याने वाचली. नदीजवळचं हॉटेल पहिलं आलं होतं, कारण त्या खोलीची माझी गुणपत्रिका कोरी होती.

"तुझे गुण?" प्रभाकरने विचारलं.

मी म्हणालो, "आधी तू सांग. बुधवारी दुपारी अडीच वाजता तुम्ही दोघं त्या खोलीत काय ऐकलंत?"

गोपीनाथने वडा खाली ठेवला.

गोपीनाथला मी कधी खाणं अर्धवट सोडताना पाहिलेलं नाही. तेव्हाच मला उत्तर मिळालं.

मग त्याने सांगितलं. त्यांनाही चेन ऐकू आली होती. त्यांनाही विचारलं गेलं होतं. दोघंही घाबरून गप्प राहिले, पांघरूण डोक्यावर घेऊन. नंतर गोपीनाथ खाली काउंटरवर भांडायला गेला. तिथल्या मॅनेजरने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. एवढंच म्हणाला, की त्या खोलीत कुणी 'निघायचं का?' असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. बाकी काही त्रास नाही. एक जण मित्रांबरोबर आला होता, मित्र निघून गेले. यापलीकडे तो बोलला नाही.

"एवढंच सांगायचं होतं मला," मी म्हणालो. "उत्तर देऊ नकोस. तीन शब्द."



"तुला सांगितलं असतं तर तू किल्ली घेतली असतीस का?" गोपीनाथ म्हणाला. "मग आम्हालाच राहावं लागलं असतं ना अजून एक दिवस."

"अदलाबदल तर ठरलेलीच होती," प्रभाकर म्हणाला. "आम्ही फक्त गप्प बसलो."

"गप्प कुठे बसलास? एक्क्याण्णव दिलेस. पन्नास द्यायचे होतेस."

प्रभाकरने चष्मा काढून पुसला. गणिताच्या तासाला पुसायचा तसा.

"पन्नास दिले असते," तो म्हणाला, "तर तू कारण विचारलं असतंस."

खरं सांगू? त्या खोलीतल्या आवाजाने मला जेवढं गार केलं नाही, तेवढं या वाक्याने केलं. त्याने विचार केला होता. किती गुण दिले की आनंद काही न विचारता आत जाईल, याचं गणित केलं होतं. आणि ते बरोबर आलं होतं.

उत्तम यंत्र चाचपत विचारत होता, काय झालं, काय झालं. त्याला कुणी सांगितलं नाही.

मी उठलो. दाराशी गेलो. चप्पल घातली.

तेव्हा मला सुचलं. ठरवून केलं असं नाही. पण नाहीही म्हणवत नाही. तो जो कोण होता, तो सभ्य होता. विचारल्याशिवाय निघाला नव्हता. सांगितलेलं ऐकेल, असं वाटलं.

हॉलकडे तोंड करून मी हळू आवाजात म्हणालो, "तू बस. मी निघतो."

"मी बसलेलोच आहे रे," सोफ्यावरून प्रभाकर म्हणाला.

मी दार ओढून घेतलं.

परतीच्या रिक्षावाल्याने मला एकट्यालाच मोजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. पावणेतीन झाले. तीन झाले. बॅग नुसती बॅग होती.

रविवारी चित्राला घेऊन आलो. तिने दोन कप चहा केला. दोनच. मग मला विचारलं की त्याला कुठे पोचवलंत. मी म्हणालो, ओळखीच्यांकडे.

ती त्यावर हसली नाही. "म्हणजे त्याला पुन्हा सोडूनच आलात," एवढं म्हणाली.

पंधरा दिवसांनी प्रभाकरचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलला. मग थांबला.

"आनंद... तू इथे काही विसरून गेलायस का रे?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. पहिल्यांदा. तोही ते ओळखून होता. आणि मागे... त्याच्या बाजूला... हळूहळू चेन उघडल्याचा आवाज आला.

मी फोन ठेवला.

त्यानंतर महिनाभर काही नाही. आणि काल दुपारी बेल वाजली. दारात प्रभाकर. न कळवता तो कुणाकडे जात नाही. पाच-सहा किलो उतरलेला. हातात पिशवी नाही, काही नाही. म्हणाला, इकडे काम होतं, सहज आलो.

चित्रा चहा टाकायला गेली. आम्ही खेळीमेळीने बोललो. नीलची चौकशी केली त्याने. गुणांचा विषय दोघांनीही काढला नाही. चित्राने चहा आणला आणि ट्रे टेबलावर ठेवताना ती मध्येच थांबली. मी पाहिलं.

ट्रेमध्ये चार कप होते.

आम्ही तिघं.

प्रभाकरने आपला चहा घाईने संपवला. जीभ भाजली असेल, पण बोलला नाही. उठला. मी त्याला सोडायला दारापर्यंत गेलो. त्याने बूट घातले. मग वळून, माझ्या खांद्यावरून आत हॉलमध्ये बघत, तो हळू आवाजात म्हणाला...

"तू बस. मी निघतो."

आणि जिन्याने उतरून गेला. भराभर. लिफ्टची वाटही पाहिली नाही.

मी तर उभा होतो.

चित्रा काल रात्रीच कल्याणला गेली. मी हे जेवणाच्या टेबलावर बसून लिहितोय, सोफ्याकडे पाठ करून. दोन वाजून पंचवीस मिनिटं झालीत.

या वेळी काय उत्तर द्यायचं, ते अजून ठरलेलं नाही.