कातडीवर उठलेली लाली

माणसाची कातडी मोठी हट्टी. मेली तरी आत काही जाऊ देत नाही. जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरातल्या प्रयोगशाळेत रेत्नो कित्येक दिवस तिच्याशी डोकेफोड करत होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या कातडीच्या चकत्या काचेच्या पेल्यांवर ताणायच्या; वर औषधाची पट्टी, खाली खारं पाणी. औषध कातडीतून पाण्यात उतरायला हवं होतं. ते उतरत नव्हतं आणि रेत्नो थकली होती.

औषध म्हणजे हाडं भरून आणणारं पेप्टाइड, प्रथिनाचा लहानसा तुकडा. रेत्नोची आई, इबू, ते रोज सुईने घेई. तिचे मणके ठिसूळ झाले होते. आता मात्र ती सुई दिसली की तोंड फिरवायची.

“चाळण केलीस माझी. त्यापेक्षा नाण्याने पाठ घासून दे. अंगात वारं शिरलंय.”

तेल लावून नाण्याच्या कडेने घासायचं, लाल पट्टे उठले की वारं निघालं, असं सगळं जावा बेट मानतं. रेत्नो औषधशास्त्र शिकलेली.

“ठिसूळ मणक्यांवर नाणं? काहीतरीच तुझं!”

सोमवारी सकाळी पेल्यांवरच्या चकत्यांवर तिरपे लाल पट्टे उठलेले होते.

“पेल्यांच्या अंगात वारं शिरलं वाटतं!” सहकारी विर्या हसला.

रेत्नोने भिंगाखाली पाहिलं. लाली ताजी होती. मेलेल्या कातडीत रक्त नसतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. चकत्यांना लवंगेच्या तेलाचा वास येत होता आणि ते तेल प्रयोगशाळेत नव्हतंच. खालच्या पाण्यात मात्र औषध उतरलं होतं.

सगळं फेकून द्यायला हवं होतं. पण भ्यायलाही अंगात जोर लागतो, आणि तिच्यात तेवढाही उरला नव्हता.

घरी इबू खुशीत होती.

“काल पाठ छान घासलीस गं. कसं हलकं वाटतंय!”

“मी? मी कुठे घासली?”

“मग कुणी? दाराला तर कडी होती.”

इबूला स्वप्न पडलं असेल, असं रेत्नोने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने नव्या चकत्या लावल्या. त्यांवर लाली आणखी गडद उठली. या खेपेला विर्या हसला नाही.

“रेत्नो, बंद करू या. मला बरं नाही वाटत हे.”

“औषध उतरतंय ना? इबू सुई घेत नाहीये रे. मी काय करू?”

त्या दिवशी पट्टीतलं सगळं औषध खाली उतरलं. दुपारी ती एक पट्टी घरी घेऊन आली.

“आधी नाणं,” इबू हटून बसली.

रेत्नोने हार मानली. पाठीला तेल लावून नाणं हलकेच फिरवलं. काहीच उठलं नाही. तिने जरा दाबून फिरवलं.

पाठ मेलेल्या कातडीसारखी पांढरीच राहिली.

“झाली का लाल?”

“हो, इबू. लालभडक.”

“तरीच! बघ, दुखतसुद्धा नाही. लाव आता तुझी पट्टी.”

रेत्नोने पट्टी चिकटवली. कडा नीट बसावी म्हणून शेजारी अंगठा दाबला.

अंगठा उचलला, तरी तिथला खळगा भरून आला नाही. इबू गुणगुणत होती.