तिसरा हिसका

पुढे सांगितलेली घटना शंभर टक्के खरी आहे. यातला एकही शब्द पदरचा नाही.

ज्याच्या बाबतीत ती घडली, त्या माणसाकडे पदरचं घालायला काही नाहीच. तो टोप्यांचं डिझाइन करतो, आणि त्याच्यात कल्पनाशक्तीचा टिपूससुद्धा नाही असं खुद्द त्याच्या सासऱ्यांचं मत होतं. ते त्यांनी एकोणीस वर्षं, रोज, चारचौघांत मांडलं.

वेळही सांगून ठेवलेली बरी. अशा गोष्टी मध्यरात्री घडतात म्हणे. ही गुरुवारी दुपारी सव्वातीनला सुरू झाली. ट्यूबलाइट चालू होत्या. बाहेर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाईची सात मशीन. मागच्या खोलीत कापायचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, कापडावर आकार आखायचे पुठ्ठ्याचे फर्मे, आणि कोपऱ्यात... डोकी.

अ‍ॅल्युमिनियमची, माणसाच्या डोक्याएवढी, नाक-डोळे नसलेली. आतून वाफ फिरते. शिवलेली बेसबॉल कॅप ओलसर करायची, त्या डोक्यावर ओढायची आणि वीस सेकंद दाबायची. सहा पाकळ्यांची ढिली पिशवी टोपी होऊन उतरते. नवा माणूस पहिल्या दिवशी त्या डोक्यांकडे पाठ करून बसत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यावर जेवणाचा डबा गरम करतो.

पण कारखान्याचं खरं डोकं वेगळं होतं. सासऱ्यांचं.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. डोक्याचं माप साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर. मागे, डावीकडे, लहानपणी पडल्याचं एक टेंगूळ. एकतीस वर्षं प्रत्येक नवा नमुना याच डोक्यावर पास व्हायचा. मास्तर खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसत आणि टोपी चढवत. मान डावीकडे हिसकत. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. खुर्ची तीनदा करकरायची. टोपी जागची हलली नाही, तर नखाने पुढच्या चोचीवर दोन टिचक्या.

टक... टक...

"बसली," एवढंच म्हणत, आणि आतल्या घामपट्टीवर खडूने बरोबरची खूण करत.

हलली तर म्हणत, "हिला डोकं नाही." समोर जावई असला की पुढे जोडत, "आणि करणाऱ्यालाही."

नापास नमुना उसवायचा तो मास्तरांनीच. ज्याच्या डोक्यावर चढला त्यानेच उतरवायचा, त्यानेच उसवायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. का, ते कोणी विचारलं नव्हतं. मास्तरांना प्रश्न विचारायची तिथे पद्धत नव्हती.

दोन गोष्टी मास्तरांनी कधी केल्या नाहीत. मागे पट्टा असलेली टोपी नाही. "पट्टा म्हणजे मापाने मागितलेली माफी," असं त्यांचं म्हणणं. आणि लहान मुलांची टोपी नाही. "मुलांचं डोकं कच्चं. आज मापलं, उद्या खोटं."

जावयाची मुलगी बबडी नऊ वर्षांची. शाळेच्या बेसबॉल संघात खेळायची. बारा मुली, संघाचं नाव गांधीलमाश्या, आणि डोक्यावर बाजारातल्या, पट्ट्याच्या टोप्या.

"बाबा, तू टोप्या करतोस ना?" तिने एकदा विचारलं. "मग?"

एकोणीस वर्षांत सासऱ्यांचं कुठलंच बोलणं त्याला इतकं झोंबलं नव्हतं. त्याने शब्द दिला. मोसमाच्या शेवटच्या सामन्याला बारा टोप्या, बाबाच्या डिझाइनच्या. आयुष्यात त्याला एवढंच हवं होतं. स्वतः आखलेली एक टोपी, मुलीच्या डोक्यावर नीट बसलेली.

अडचण एकच. मुलांच्या टोपीत मास्तरांचं डोकं शिरणार नाही, आणि त्यांच्या डोक्यावर चढल्याशिवाय कारखान्यात काही पास होत नाही. मग त्याने तीच टोपी मोठ्या मापात शिवली. निळ्या पाकळ्या, पिवळी चोच, पुढे भरतकामाची गांधीलमाशी.

मास्तरांनी ती फिरवून पाहिली.

"माशी म्हणे! वांग्याला पंख फुटलेत, जावईबापू."

पण खुर्चीत बसले. टोपी चढवली. मान डावीकडे हिसकली.

करकर...

उजवीकडे हिसकली.

करकर...

आणि थांबले.

सगळे वाट पाहत राहिले. मास्तर निकाल द्यायला वेळ घेत, हे सगळ्यांना माहीत होतं. टोप्यांना हवेची भोकं करणारी मावशी म्हणते, चार मिनिटं कोणी हललं नाही. टोपीही हलली नव्हती.

मास्तर गेले होते.

* * *

महिना उलटला. सामना तोंडावर आला. घाईत जावयाने त्या टोपीचा फर्मा पुठ्ठ्यावर उतरवलाच नव्हता. खरा आकार शिवलेल्या टोपीतच होता. त्याने ती कपाटातून काढली आणि ब्लेड हातात घेतलं.

"जावईबापू," मावशी मशीन थांबवून म्हणाली, "ती उसवू नका."

"का?"

"ज्याच्या डोक्यावर चढली, त्याचं काम ते."

"मग काय करू? मास्तरांना निरोप धाडू?"

मावशी हसली नाही. तिने एकदा खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि मशीन सुरू केलं.

त्याने टोपी उसवली. पाकळ्या पुठ्ठ्यावर ठेवून आखल्या आणि त्रेपन्नच्या मापाला उतरवल्या. त्रेपन्नचं अ‍ॅल्युमिनियमचं डोकं त्याने खास मागवलं होतं. गुरुवारी दुपारी पहिली टोपी त्यावरून काढली आणि सवयीने आतून मापाची टेप फिरवली.

साडेअठ्ठावन्न.

त्याने टेप पाहिली. टेप नवी होती. त्याने पुन्हा मापलं.

साडेअठ्ठावन्न.

ज्या धातूच्या डोक्यावरून ती आत्ता निघाली होती, ते त्रेपन्नचं होतं. टोपी त्याच्यावर परत ठेवली, तर भोवऱ्यासारखी गरागरा फिरली.

त्याने दुसरी काढली. मग तिसरी. बाराच्या बारा.

त्याने त्या टेबलावर ओळीने मांडल्या. नवी टोपी टेबलावर ठेवली की मागची बाजू जराशी खाली बसते. कापडच ते.

एकही बसली नाही.

बारा टोप्या ताठ उभ्या होत्या... आत काहीतरी असल्यासारख्या. आणि प्रत्येकीला मागे, डावीकडे, एक बारीकसा फुगवटा होता.

"कापड ताणलं असेल," तो मोठ्याने म्हणाला. कोणी काही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी नवं कापड आणलं. पुन्हा कापलं. या वेळी हट्टाने पन्नासच्या मापाला. वाफ झाली, टेप फिरली. साडेअठ्ठावन्न. माणसाने चाळीसचं कापलं असतं तरी तेच आलं असतं, हे त्याला तेव्हा कळलं. पण कळून करतो काय?

साडेपाचला मशीन बंद झाली. बाकीचे घरी गेले. तो मागच्या खोलीत टोप्यांसमोर उभा होता, मावशी पुढे दिवे मालवत होती.

करकर...

त्याने मागे पाहिलं नाही.

करकर...

दोघंही जागच्या जागी थांबली. तिसऱ्या आवाजाची वाट बघत. वर्षानुवर्षांची सवय. तिसरा ऐकल्याशिवाय श्वास सोडायचा नाही.

तिसरा आलाच नाही.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "ऐकलंत?"

"दोन ऐकले."

"मग आता?"

"आता काय? अडकलेत ते. पास नाही, नापास नाही." तिने पिशवी खांद्याला लावली. "आणि तुम्ही टोपी उसवून मोकळे झालात. आता तिसरा द्यायचा तर कुठल्या डोक्याने द्यायचा त्यांनी?"

आणि ती गेली. बस चुकवण्याइतकी कुठलीच गोष्ट महत्त्वाची नसते, हे तिचं तत्त्व होतं.

* * *

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बाबा गेले आणि तुझी मापं चुकायला लागली," ती म्हणाली. "यात भूत कुठे आलं?"

"अगं, बाराच्या बारा एकाच मापाच्या!"

"एकोणीस वर्षं त्याच मापाचं कापतोयस. हाताला वळण लागलं असेल. झोप आता."

तिचं बोलणं इतकं पटण्यासारखं होतं की तो रात्रभर जागा राहिला.

शनिवारी त्याने तिसऱ्यांदा काही शिवलं नाही. गुरुवारच्या बारा टोप्या खोक्यात भरल्या, खोकं घरी आणून माळ्यावर ठेवलं. रविवारी सकाळी लवकर उठून बाजारात गेला आणि बारा पट्ट्याच्या टोप्या आणल्या. मापाने मागितलेली माफी. दोन पिशव्या घेऊन घरी आला, तर दाराला कुलूप. उघडून पाहिलं. माळा रिकामा.

त्याने फोन लावला.

"खोकं तू नेलंस?"

"मग! मुली केव्हाच्या वाट बघत होत्या," बायको म्हणाली. "आणि काय रे, उगाच घाबरवलंस मला. छान बसल्यात की."

"काय?"

"छान बसल्यात म्हटलं. ये लवकर."

तो पळत सुटला. आयुष्यात पहिल्यांदा तो देवाकडे मागत होता की आपली टोपी वाईट बसलेली असू दे. चोच नाकावर येऊ दे. लोक हसू देत. बबडी रडली तरी चालेल.

मैदानावर बारा मुली एका रांगेत, पाठमोऱ्या उभ्या होत्या. शिट्टीची वाट बघत.

टोप्या बसल्या होत्या.

कानांवर आलेल्या नाहीत. मागे फट नाही. तसूभरही ढिल्या नाहीत. नऊ-नऊ, दहा-दहा वर्षांच्या मुली... आणि साडेअठ्ठावन्नच्या टोप्या. बारा टोप्यांच्या मागे, डावीकडे, बारा फुगवटे.

"बबडे!" त्याने हाक मारली.

म्हणजे मारायला गेला.

आणि बारा डोकी एकदम... डावीकडे हिसकली.

एकदाच.

मैदानावर खुर्ची नव्हती. तरी त्याला करकर ऐकू आली.

मग बारा उजवे हात वर गेले.

टक... टक...

शिट्टी झाली. मुली आरडाओरडा करत धावल्या. शेजारी उभ्या असलेल्या कोचबाई कौतुकाने म्हणाल्या, "काय फिटिंग आहे हो तुमचं! आणि हे टोपीला टिचकी मारायचं छान शिकवलंत. संघ कसा एकजीव दिसतो."

"मी नाही शिकवलं," तो म्हणाला.

"अहो, एवढी नम्रता बरी नव्हे."

पहिल्या डावानंतर बबडी पाणी प्यायला आली. लालबुंद, घामेघूम. त्याच्याकडे पाहून हसली.

"बसली," ती म्हणाली.

त्याने तिच्या डोक्यावरची टोपी काढली. काढताना जोर लावावा लागला. घामपट्टी उलटून पाहिली. आत खडूची खूण होती. बरोबरची. खडू कारखान्यात, कुलपाच्या खणात होता, आणि किल्ली त्याच्या खिशात.

किल्लीला लागूनच टेपही होती. त्याने ती टोपीच्या आतून फिरवली. आकडा तोच होता. मग टेप तशीच हातात धरून तो मुलीच्या डोक्याकडे पाहत राहिला. घामाने केस चिकटलेले. डोक्याची मागची बाजू त्याच्याकडे नव्हती.

"काय करतोयस, बाबा?"

"काही नाही."

"मग दे ना टोपी. ऊन लागतंय."

त्याने टोपी दिली आणि टेप गुंडाळून खिशात टाकली. एकोणीस वर्षांत मापायला हातात घेतलेली गोष्ट न मापता सोडायची ही त्याची पहिलीच वेळ.

सामना मुली चौदा-दोनने हरल्या.

टोप्यांचं मात्र नाव झालं. आणखी तीन शाळांनी मागितल्यात. खुर्ची आता करकरत नाही. त्याने मुद्दाम बसून, मान हिसकून पाहिलं. मावशी त्याला हल्ली जावईबापू म्हणत नाही. मास्तर म्हणते. त्याने दोनदा सांगून पाहिलं, नका म्हणू. ती म्हणते, बरं मास्तर.

बबडीच्या केसांना तेल लावायचं काम पूर्वी तो करायचा. आता बायको करते. त्याने कारण सांगितलेलं नाही, आणि तिनेही विचारलेलं नाही. फक्त एकदा तेल लावता लावता तिची बोटं मागे, डावीकडे, जरा जास्त वेळ थांबली, असं त्याला वाटलं. त्याला कल्पनाशक्ती नाही, त्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नाही. नुसती झोप उडाली.

गेल्या महिन्यात बबडीला सायकलचं नवं हेल्मेट घ्यावं लागलं. जुनं डोक्यात शिरेना. दुकानदाराने मोठ्यांच्या कपाटातलं काढून दिलं आणि म्हणाला, मुलं वाढतातच.