दुमडीखालचे तीन ठिपके

बसा, कंदिलाची वात जरा चढवतो. गोष्ट भुताची आहे का, ते तुम्हीच ठरवा. मला तर त्याचे आभारच मानायचे आहेत.

लढाईच्या काळात मी टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत लोकांची पत्रं फोडायचो. सरकारी काम होतं म्हणून बरं, नाहीतर आईने बदडलंच असतं. पाकीट किटलीच्या वाफेवर धरायचं, दुमड सुटली की वाचायचं, हेरगिरीचा संशय आला तर साहेबांकडे द्यायचं, नाहीतर खळ लावून बंद करायचं. तेच पाकीट पुन्हा कुणी फोडू नये म्हणून दुमडीखाली प्रत्येकाची खूण असे. माझी खूण पेन्सिलीचे तीन ठिपके. खोलीबाहेर ती कुणालाच ठाऊक नव्हती.

माझी ताई मात्र खरी हेर. नदीपलीकडे शत्रूच्या कचेरीत टायपिस्ट बनून बातम्या काढायची. तीन महिने तिचा पत्ता नव्हता. शुक्रवारी साहेब तिला मेलेल्यांच्या यादीत घालणार होते आणि एकदा यादीत गेलेल्या माणसाला आणायला कुणी होडी पाठवत नसे. माझा जीव टांगणीला लागला होता.

बुधवारी दुपारी, जेवणानंतरच्या पेंगेत, माझ्याच नावाचं पाकीट हाती आलं. वाफ दिली, दुमड उचलली. खाली माझे तीन ठिपके... आत अक्षरही माझंच, तेच मुंग्यांच्या रांगेसारखं. तारीख पुढच्या वर्षाची.

"लढाई संपून वर्ष झालं, आपण जिंकलो. ताई पिठाच्या बंद गिरणीत लपून वाट बघत होती. यादी झाली तेव्हा मी गप्प बसलो. तू बसू नकोस."

किटलीशेजारी बसूनही मला हुडहुडी भरली. बाहेर तोफा धडाडत होत्या. पत्रातली लढाई संपली होती, आमची मात्र पुढे तीन वर्षं चालायची होती.

साहेबांनी आधी हा शत्रूचा डाव म्हणून मला वेड्यात काढलं. मग माझी वही मागवून अक्षर ताडून पाहिलं, आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"होडी जाईल," ते हळूच म्हणाले. "तुम्ही मात्र... माझ्या डोळ्यांसमोर बसायचं."

बसलो. गुरुवारी दुपारी नावाडी ताईला घेऊन आला. मी लहान पोरासारखा रडलो, नावाडीही नाक पुसू लागला. ताईने मात्र आल्या आल्या माझा कान धरला.

"होडी येतेय म्हणून सांगायला एवढा गिरणीत आलास, मग माझ्याबरोबर का नाही बसलास?"

"मी... कचेरीत होतो, ताई."

"थापा मारू नकोस. किती वाळला होतास! म्हणालास, तू हो पुढे, मी चालत येतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि यादी फाडली. पुढच्या दोन-तीन दिवसांत आम्ही दोघं पोट धरून हसलो, भांडलो, ताईने घर डोक्यावर घेतलं. इतका आनंद मी आयुष्यात पाहिला नव्हता.

रविवारी दाढीला गेलो. न्हाव्याने वस्तरा हातातच धरला आणि माझ्या गालावरून बोट फिरवलं.

"सकाळीच तर करून गेलात," तो म्हणाला. "गुडघ्यापर्यंत चिखल होता. आणि साहेब... तुमच्याच घराचा रस्ता मला का विचारलात?"