सात नंबरची खुर्ची

खुर्चीवरून माणूस ओळखावा तो मिस्त्रींनीच. तीस-बत्तीस वर्षं सोफे आणि खुर्च्या शिवण्यात गेलेली. गिऱ्हाइकाने जुना सोफा दुकानात आणून टाकला की मिस्त्री कापड उसवायच्या आधी नुसता हात फिरवायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडे कुणाचा तरी डावा गुडघा दुखतो." किंवा, "इथे रोज कुणीतरी टीव्हीसमोर झोपतं आणि घरात कबूल करत नाही." गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. यात चमत्कार काही नव्हता. माणूस खोटं बोलेल, फोम खोटं बोलत नाही, एवढंच मिस्त्रींचं म्हणणं.

म्हणूनच रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाई त्यांच्याकडे आल्या. बाई निवृत्त शिक्षिका. भावाच्या आजारपणात त्यांनी तीन महिने कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर लाकडी बाकावर काढले होते. भाऊ गेल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. दारोदार फिरून देणग्या गोळा केल्या. औषधांना आणि यंत्रांना देणारे पुष्कळ भेटतात. बाईंना लोकांना बसायला धड जागा द्यायची होती. वॉर्डाशेजारी नातेवाइकांसाठी विसाव्याची खोली, स्वच्छ न्हाणीघर, दार लावून रडता येईल असा एक कोपरा, आणि बारा खाटांपाशी बारा आरामखुर्च्या.

"खुर्ची कशी हवी?" मिस्त्रींनी विचारलं.

"घरी जा म्हटलं तरी ज्याचा पाय निघत नाही, त्याला रात्र काढता येईल अशी," बाई म्हणाल्या. "निदान पाठ मोडू नये. बाकी सगळं मोडतच असतं हो तिथे."

मिस्त्रींनी मजुरी घ्यायची नाही असं तिथल्या तिथे सांगून टाकलं. का, ते सांगितलं नाही.

त्याच वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर, सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली होती. एक्केचाळीस दिवस ते तिच्या उशाशी लोखंडी स्टुलावर बसून होते. लेक डबा आणायची, औषधंही तीच आणायची, त्यामुळे वॉर्ड सोडायचं कारणच पडायचं नाही. बायकोला त्यांचं डावं मनगट धरून झोपायची सवय लागली होती. ती जागी होऊ नये म्हणून ते तासन् तास डाव्या अंगावर कलून बसायचे. शेवटच्या दिवशी लेक नव्हती आणि एक इंजेक्शन खालून तातडीने आणायचं होतं. बायको म्हणाली, "आत्ता नका जाऊ." मिस्त्री म्हणाले, "हा गेलो नि हा आलो." खाली रांग होती. ते वर आले तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

खुर्च्या झाल्या. मिस्त्रींनी जीव ओतला होता. सागाचा सांगाडा, खाली आडवे-उभे घट्ट पट्टे, वर चांगला जड फोम, पुसता येईल असं राखी रेक्झिन. पाठ मागे रेलायची, पायाखालची फळी वर यायची. सिस्टरनी पहिल्या दिवशी एका खुर्चीत बसून बघितलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मला ड्यूटी नको, पेशंटचा नातेवाईकच करा." सगळे हसले. महिनाअखेरीला देणगीदार बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं, तर पुढे मुलांच्या वॉर्डातही अशीच सोय होणार होती.

दहा दिवसांनी सिस्टरचा फोन आला.

"वाईट वाटून घेऊ नका, पण सात नंबरची खुर्ची बसली."

मिस्त्री दुपारी गेले. वॉर्डात नेहमीचा जंतुनाशकाचा वास, सलाइनच्या स्टँडची चाकं, कुणाचा तरी दबका खोकला. सात नंबरभोवती पडदा होता. पडदा सारून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

बसकण डाव्या बाजूला चार बोटं खचली होती. डाव्या हाताचं रेक्झिन पुढच्या टोकाला घासून पांढुरकं पडलं होतं. असं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, तीसुद्धा एकाच माणसाने एकाच तऱ्हेने रोज बसलं तर.

"इथे कोण बसतं?"

"कोण बसणार? खाट रिकामी आहे," सिस्टर म्हणाल्या. "भिंतीतली ऑक्सिजनची नळी बिघडलीय. तुमच्या खुर्च्या आल्या त्याच्या आदल्या दिवसापासून इथे कुणाला घेतलेलंच नाही."

मिस्त्रींनी स्वतःला समजावलं, फोम खराब लागला असेल. नवा फोम घातला, हातावरचं रेक्झिन बदललं. चौथ्या दिवशी पुन्हा फोन. या खेपेला त्यांनी डोकं लढवलं. सातची खुर्ची नीट करून तीनला ठेवली आणि तीनची सातला. तीनच्या खाटेवर एक तरुण मास्तर होता, त्याची आई रात्रंदिवस खुर्चीत असायची. आठवड्याने पाहिलं, तर म्हातारीच्या खुर्चीला सुरकुतीसुद्धा नव्हती. सातला आणलेली मात्र डावीकडे खचली होती. तितकीच, चार बोटं.

मग ती खुर्ची ते दुकानात घेऊन आले. रेक्झिन उसवलं. पट्टे शाबूत होते, फोम मात्र दबून कडक झाला होता. डाव्या हाताच्या टोकापाशी आतलं अस्तर ओलसर लागलं. पाणी वरून पडलं असतं तर रेक्झिनवरून ओघळून गेलं असतं. मिस्त्रींनी बोट लावलं आणि सवयीने जिभेवर टेकवलं.

खारट होतं.

त्यांनी फोम पुन्हा सांगाड्यात बसवला आणि कशाला कोण जाणे, वर बसले. तीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांचे खड्डे चाचपले होते. हा हाताला लागला तेव्हाच शंका आली होती. कंबर बरोब्बर बसली. कोपर जिथे टेकायला हवं होतं तिथेच टेकलं. आपल्याच जुन्या चपलेत पाय सरकावा, तसं.

मिस्त्री झटकन उठले. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

सातची नळी दुरुस्त झाली आणि तिथे एक आजी आल्या. सत्तरीच्या, हाडं मोजून घ्यावीत अशा, पण जिभेला धार. मुलगा कामावरून संध्याकाळी यायचा. दिवसभर आजी एकट्याच. मिस्त्री नवी खुर्ची घेऊन गेले आणि तिथलं लोखंडी स्टूल सारून ठेवू लागले, तशा आजी म्हणाल्या, "हा तुझा भाऊ का रे?"

"कोण आजी?"

"हाच, इथे बसतो तो. तोंडावळा तुझाच. फक्त केस काळे आहेत आणि दाढी वाढलीय."

मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला.

"बोलतो का काही?"

"कसला बोलतोय! तोंड म्हणजे कुलूपबंद पेटी. मीच परवा म्हटलं, बाबा रे, माझी नाही कुणाला एवढी काळजी, तू का ताटकळतोस? जा, खाली जाऊन चार घास खाऊन ये." आजी थांबल्या. त्यांचा आवाज उतरला. "तर म्हणाला, 'एकदाच खाली गेलो होतो.' मग मी नाही विचारलं पुढे. कुणाच्या गळ्यात काय अडकलेलं असतं, आपल्याला काय ठाऊक."

सिस्टर जवळच होत्या. त्यांनी डोळ्यांनीच मिस्त्रींना खूण केली, की औषधांचा परिणाम आहे, मनावर घेऊ नका. मिस्त्रींनी मान हलवली. पाना उचलला. खुर्चीचे चारही पाय नीट टेकलेत का पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. काम काहीच नव्हतं.

दुपारचे तीन वाजले होते. उन्हाची तिरीप खाटेवर पडली होती. आजी झोपल्या होत्या. नवी कोरी खुर्ची डावीकडे खचलेली होती.

मिस्त्री तिच्यासमोर उभे राहिले. दुरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, कारागीर आपलं काम न्याहाळतोय. त्यांनी बसकणीवर तळहात टेकवला.

ऊब होती.

"अरे," ते हळूच म्हणाले, "ती गेली रे. सहा वर्षं झाली."

काहीच हललं नाही. पलीकडे सलाइनची बाटली संपत आल्याची टिकटिक वाजू लागली.

"तुला वाटतं, तू हलला नाहीस तर ती जाणार नाही. मला कळतं ते. मीही तेच... इंजेक्शन आणलं होतं मी. हातात होतं. पंचवीस मिनिटं झाली फक्त. पंचवीस."

त्यांच्या तळहाताखाली फोम किंचित दबला. बसलेल्या माणसाने अंग आकसून घ्यावं तसा.

त्यांनी हात काढला.

"चल घरी," ते म्हणाले.

मग ते एकटेच जिना उतरले. उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं.

सिस्टरचा फोन तिसऱ्या दिवशी आला, दुपारी जेवणाच्या सुमाराला. मिस्त्री दुकानात होते. लेक डबा घेऊन आली होती आणि झाकण उघडत होती. आई गेल्यापासून ती रोज यायची, आणि रोज अर्धा डबा परत न्यायची.

"मिस्त्री, चांगली बातमी," सिस्टर म्हणाल्या. "देणगीदार येऊन गेले. सगळ्या खुर्च्यांत बसून पाहिलं. मुलांच्या वॉर्डाचं नक्की झालं. संस्थेच्या बाई तर रडायलाच लागल्या."

"आणि सात नंबर?"

"तेच सांगतेय. खड्डा भरून आला आपोआप. आज सकाळी पाहिलं तर खुर्ची सपाट. काल उशी फिरवून गेलात का?"

"नाही."

सिस्टरनी आवाज खाली आणला.

"सांगू की नको कळत नाही. आजी म्हणतात, पहाटे एक बाई आली. आपल्याच वॉर्डाच्या कपड्यात, अनवाणी. डोक्याला जांभळं फडकं, त्याच्या कडेला सोफ्याला असते तशी दुहेरी शिवण. त्या माणसापाशी उभी राहिली आणि म्हणाली, 'किती वेळ लावलात हो!' आणि त्याचं मनगट धरून घेऊन गेली."

बायकोचे केस गेले तेव्हा उशीच्या खोळीचं मऊ जांभळं कापड उरलं होतं. टोचू नये म्हणून कडा दोनदा दुमडून त्यांनी ते स्वतः शिवलं होतं. ती त्यातच गेली होती. त्या शिवणीचं लेकीलाही ठाऊक नव्हतं.

"आजी म्हणतात, तो लहान मुलासारखा उठला," सिस्टर म्हणाल्या. "वळूनसुद्धा पाहिलं नाही. मिस्त्री? ऐकताय ना?"

"ऐकतोय. बरं झालं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

छातीत काहीतरी उठायला हवं होतं. ते वाट पाहत राहिले. मघाचं जांभळं फडकं आठवायला गेले, तर नुसतं कापड आठवलं, डोकं कुणाचं ते नाही. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. डब्याचा वास आला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे. सपाटून.

ते जेवायला बसले. भराभर, चवीने, बोटं चाटून जेवले. डबा तळापर्यंत रिकामा झाला. वर म्हणाले, "उद्या थोडं जास्त आण गं."

लेक बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, सहा वर्षांनी तुम्हाला असं जेवताना पाहिलं. आई असती ना, तर..."

मिस्त्रींनी हात पुसले, सुईत दोरा ओवला, आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं आपुलकीने विचारलं,

"कोणाची आई?"